शिकवलेली साक्ष

आमच्या वन्संना ऑफिसात सगळे चाळणी म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक होतं आणि वर त्याचा अभिमानही होता. माझ्या लग्नाला आठवडा झाला नव्हता, तेव्हा त्यांनी आपणहून मला सांगितलं, मला तिथे चाळणी म्हणतात, लक्षात ठेव. नव्या नवरीला कुणी असलं काही सांगतं का? मी त्याच दिवशी ओळखलं, या बाईशी आपलं जन्मात जमायचं नाही. आणि नाहीच जमलं. तीस वर्षं एका छपराखाली राहून, एका टेबलावर जेवून नाही जमलं, आणि गेल्या वर्षी जे झालं त्यानंतर जमायचा विषयच संपला.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. परदेशी पाहुण्यांच्या चौकशीचं सरकारी खातं आहे, तिथे बाविसाव्या वर्षी कारकून म्हणून चिकटल्या आणि छत्तीस वर्षं तिथेच झिजल्या. बाहेरच्या देशातलं कुणी आपल्याकडे कुणाच्या घरी उतरणार असलं, की ते माणूस यायच्या आधी त्या घरी जाऊन चौकशी करायची, हे त्यांचं काम. येणारा कोण, कशाला येतो, किती दिवस राहणार, परत जाणार की इथेच ठाण मांडणार. सगळ्याच देशांच्या माणसांना हे लागू नव्हतं. वर कुठेतरी एक यादी असायची, त्या यादीतल्या देशांपुरतंच. यादी कोण करतं, कशावरून करतं, ते त्यांचं त्यांना माहीत. आज ज्या देशाच्या पुढाऱ्याच्या गळ्यात हार, उद्या तोच देश यादीत. मी एकदा विचारलं, तर वन्सं म्हणाल्या, यादी वरून येते. जसं काही नळाला पाणीच येतंय.

अंगाने किरकोळ, पण चालायच्या अशा ताठ, की समोरचा आपोआप बाजूला व्हायचा. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात फायली, एक निळं पेन, एक लाल पेन आणि पाण्याची बाटली. ज्या घरी चौकशीला जायचं तिथे चहा घ्यायचा नाही, पाणीसुद्धा आपलं आपण प्यायचं, असा त्यांचा नेम. नेम ऑफिसापुरता ठेवावा ना? पण घरी आल्यावरही बाई त्याच बाटलीतलं पाणी प्यायची. माझ्या माठाला काय विंचू चावला होता कोण जाणे. सुरुवातीला मी मनाला लावून घेत असे, नंतर सोडून दिलं. सोडून दिलं म्हणजे बोलणं सोडलं, राग काही सोडला नाही.

चौकशीची त्यांची एक रीत होती. घरातली मोठी माणसं आणि एक शेजारी, सगळ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवायचं आणि तेच ते प्रश्न विचारायचे. आपल्यासारख्या साध्या माणसाला वाटेल, सगळ्यांची उत्तरं जुळली की काम फत्ते. वन्संचं सगळं उफराटं. "खरं बोलणाऱ्यांचं कधी जुळत नाही," त्या म्हणायच्या. खऱ्या घरात बाप म्हणतो पाहुणा आठवडाभर राहील, आई म्हणते महिनाभर, आणि शेजारीण म्हणते, अगंबाई, कोण येतंय, मला कुणी बोललंच नाही. सगळ्यांचं शब्दाला शब्द जुळलं, की समजायचं आदल्या दिवशी बसून घोकंपट्टी झालीये. अशा फायलीवर त्या लाल शाईने दोन शब्द लिहायच्या, शिकवलेली साक्ष. हा शेरा पडला की अर्ज बाद. खात्याला ही रीत इतकी आवडली, की नवी माणसं तयार करायला वन्संनाच बसवलं. बघता बघता सगळं खातं चाळण्यांनी भरलं.

जेवताना हेच पुराण. एका घरी म्हणे येणारा पाहुणा घोरतो की नाही यावरून नवराबायको वन्संसमोरच हमरीतुमरीवर आले, आणि दहा मिनिटांत अर्ज मंजूर. दुसऱ्या एका घरी आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांनी सांगितलं, की येणारे गृहस्थ सज्जन आणि मनमिळाऊ आहेत. ते गृहस्थ बसले आपल्या देशात सज्जन आणि मनमिळाऊ होऊन. आमचे हे अशा गोष्टींना पोट धरून हसायचे. मी ताटं उचलायची. या सगळ्या गोष्टी मी शंभरदा ऐकल्या, म्हणजे एकदाही ऐकल्या नाहीत. वन्सं ऑफिसचं बोलायला लागल्या की माझे कान आपोआप मिटायचे.

लग्न त्यांचं झालं नाही. एकदा जमत आलं होतं. मुलगा चांगला शिकलेला, घर बरं. वन्संनी काय करावं, मुलाला हॉलमध्ये आणि त्याच्या आईला स्वयंपाकघरात गाठून दोघांना विचारलं, मुलगा सकाळी किती वाजता उठतो. दोघंही म्हणाले, बरोबर सहाला. संपलं. बाईने घरी येऊन नकार कळवला. हे मला आमच्या ह्यांनी सांगितलं, आणि सांगताना डोळ्यांतून पाणी येईतो हसले.

ह्यांचं बहिणीवर फार प्रेम. आईबाप लवकर गेले, हे तेव्हा शाळेत. वन्संनी नोकरी करून धाकट्या भावाला वाढवलं, शिकवलं, आजारपणं काढली. तेवढं मी नाकारत नाही, खऱ्याला खरं म्हणावं. म्हणून ताई म्हणेल ती पूर्व दिशा. त्या यांना अजूनही धाकट्या म्हणूनच हाक मारायच्या. पन्नाशी उलटलेला बाप्या, ऑफिसात हाताखाली वीस माणसं, आणि घरी धाकट्या.

आमची एकच लेक. शिकायला बाहेर गेली, तिकडेच नोकरी लागली, तिकडचाच नवरा केला, आणि मग नोकरीत पुढे जायचं तर लागतं म्हणून तिकडचं नागरिकत्वही घेतलं. ती बातमी फोनवर आली तेव्हा आम्ही दोघं रडलो, चांगलं झालं म्हणून थोडं आणि वाईट वाटलं म्हणून बरंच. वन्संनी फक्त एवढं विचारलं, इकडचा पासपोर्ट परत केला का. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आत्या म्हणायची पोर तुम्हाला, तुमच्या मांडीवर वाढली, आणि तुम्हाला पासपोर्ट सुचतो?

गेल्या वर्षी ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलण्याचा पार चुथडा झाला. तहान लागली की चादर मागायचे. मला ताई म्हणायचे, ताईला डॉक्टर म्हणायचे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, दुसरा झटका केव्हाही येऊ शकतो, कुणाला भेटवायचं असेल तर उशीर करू नका. कुणाला भेटवायचं म्हणजे काय, आम्हाला एकच तर आहे. मी फोन केला, पोरीने त्याच दिवशी रजा टाकली, पंधरा दिवसांची. जायचं यायचं तिकीट काढून मोकळी झाली.

आणि त्याच महिन्यात तिचा देश यादीत गेला. आपल्या सरकारने त्यांचे दोन अधिकारी हाकलले, त्यांनी आपले दोन हाकलले, आणि सुक्याबरोबर ओलंही जळालं. जिचा जन्म इथला, जिचं बारसं, शाळा, गोवर, कांजिण्या सगळं या घरात झालं, ती आता परदेशी पाहुणी. तिच्या बापाच्या घराची चौकशी झाल्याशिवाय तिला विमानात पाय ठेवता येणार नाही.

अर्ज एकोणीस पानांचा. दोन्ही आजोबांची जन्मगावं. दहा वर्षांत कुठे कुठे राहिलात, तारखांसकट. तुम्ही कधी घातपाताच्या कृत्यात भाग घेतला आहे का, हो किंवा नाही. जो घेतो तो इमानाने 'हो'वर खूण करत असेल नाही? एका ठिकाणी विचारलं होतं, या देशाशी तुमचा काय संबंध, आणि उत्तराला एक ओळ जागा. पोरीने तिथे 'जन्म' असं लिहिलं. इकडे अर्ज अडकलेला, तिकडे तिचा साहेब विचारायचा, रजा नक्की कधीपासून. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत.

मी वन्संच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. तीस वर्षांत मी त्यांच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, नात्यातली फाईल आहे, मी हात लावणार नाही असं लेखी देऊन टाकलंय, दुसरा माणूस येईल. मी म्हटलं ठीक आहे, नका लावू हात. काय विचारतात, कसं उत्तर द्यायचं, एवढं तरी सांगा. तर म्हणाल्या, ज्या घरची चौकशी आहे त्यांना काही सांगायचं नाही अशी शपथ घेतलीय, तिच्यावर सही आहे माझी. आणि चष्मा लावून पेपर उघडला. काखेत कळसा असून मला गावाला वळसा घालायची वेळ आली, आणि तो वळसाही कुठून घालायचा ते सांगायला कुणी नाही.

मग मी माझ्या अकलेने चालायचं ठरवलं. पहिल्यांदा यांनाच विचारून बघितलं, अहो, तुमची मुलगी किती दिवसांसाठी येतेय? तोंड भरून हसले आणि म्हणाले, "कायमची."  ही इथेच राहणार असं जर बापच म्हणाला, तर संपलंच की सगळं. शेजारच्या शिलाईवाल्या बाईंना विचारलं, त्या आमच्याकडून साक्ष देणार होत्या. त्या म्हणाल्या, राहील की महिना दोन महिने, एवढ्या लांबून येतेय तर. म्हणजे प्रत्येकाचं तिसरंच काहीतरी.

मी एक वाक्य तयार केलं. मुलगी वडिलांना भेटायला येतेय, पंधरा दिवस राहील, परतीचं तिकीट काढलेलं आहे. यात एक अक्षर खोटं नव्हतं. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पलंगासमोरच्या भिंतीवर चिकटवलं आणि शिकवणी सुरू केली. शिलाईवाल्या बाई दुपारी येऊन म्हणून दाखवायच्या, दोन फेऱ्यांत त्यांचं तयार झालं. यांच्यापाशी मात्र मी तीन संध्याकाळी बसले. ज्याला पाणी म्हणता येईना त्याला हे एवढं कसं यावं? पहिल्या दिवशी नुसतं मुलगी, मुलगी. दुसऱ्या दिवशी पंधरापर्यंत आले. घाम यायचा, डावी मूठ पलंगावर आपटायचे, मी म्हणायची राहू द्या, तर मान हलवायचे, पुन्हा. तिसऱ्या दिवशी सगळं वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं, आणि मी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवून त्यांना लहान मुलासारखं शाबास म्हटलं. झटका आल्यापासून त्यांना असं खुशीत मी पाहिलं नव्हतं.

वन्सं तिन्ही संध्याकाळी घरात होत्या. सहाला यायच्या, टेबलापाशी बसून आपल्या बाटलीतलं पाणी प्यायच्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं, आमच्या घराच्या भिंती काय किल्ल्याच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या उठून खोलीच्या दारात आल्या, भिंतीवरचा कागद वाचला, आणि म्हणाल्या, "धाकट्याला शिकवू नकोस गं. त्याला सुचेल ते बोलू दे."

मला वाटलं, भावाला त्रास होतोय म्हणून टोमणा मारतायत. म्हणजे मी त्याला छळते आणि तुम्ही तेवढ्या मायेच्या. मी म्हटलं, "तुम्ही तुमच्या फायली सांभाळा वन्सं, माझं घर मी सांभाळते."  त्या आपल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

चौकशीला जो आला तो पस्तिशीचा, चष्मेवाला, वन्संच्याच हाताखाली तयार झालेला. खांद्याला कापडी पिशवी. मी चहा विचारला तर पिशवीतून बाटली काढून दाखवली. माझं डोकं तिथेच फिरलं, पण जीभ आवरली. मी स्वयंपाकघरात, शिलाईवाल्या बाई हॉलमध्ये, हे आपल्या पलंगावर. कागद मी सकाळीच काढून ठेवला होता, इतकी अक्कल मला होती. माझं झालं, बाईंचं झालं, दोघींनी कसं छान खणखणीत सांगितलं. मग तो यांच्या खोलीत गेला आणि मी स्वयंपाकघराच्या दाराला कान लावला.

यांचा आवाज आला, एकदम स्वच्छ. "मुलगी वडिलांना भेटायला येतेय. पंधरा दिवस राहील. परतीचं तिकीट काढलेलं आहे." त्याने विचारलं, कोणाच्या वडिलांना? यांनी पुन्हा तेच पहिल्यापासून म्हटलं. त्याने विचारलं, काका, तुमची कोण लागते ती? यांनी तिसऱ्यांदा म्हटलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी पदर तोंडात धरून रडत होते, आनंदाने. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. माझ्या नवऱ्याने एवढं बोलून दाखवलं, हेच मला दिसत होतं. तो गेल्यावर हे माझ्याकडे बघून म्हणाले, "बरोबर?" मी म्हटलं, पैकीच्या पैकी मार्क.

नवव्या दिवशी कागद आला. चौकशी असमाधानकारक. अर्ज नामंजूर. सहा महिन्यांनंतर पुन्हा अर्ज करता येईल. सहा महिने म्हणे. आमच्या ह्यांनी चौथ्या महिन्यातच गाशा गुंडाळला, आणि पोरीने बापाचं शेवटचं दर्शन फोनच्या चार बोटांच्या काचेत घेतलं. पण ते नंतरचं. आधी त्या कागदाचं सांगते.

कागद हातात घेऊन मी वन्संची वाट बघत उभी होते. त्या आल्या, पिशवी खुर्चीला अडकवली. मी कागद टेबलावर आपटला आणि विचारलं, आता तर निकाल लागला ना, आता तरी सांगा, काय असमाधानकारक होतं.

"तिघांनी एकच वाक्य म्हटलं," त्या म्हणाल्या.

तेव्हा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, ती जेवणाच्या टेबलावरची सगळी पुराणं माझ्या कानांत शिरली. घोरणारा पाहुणा, सज्जन आणि मनमिळाऊ गृहस्थ, लाल शाई.  मी खाली बसले. हात दाखवून अवलक्षण केलं होतं मी, आपल्या हाताने, तीन संध्याकाळी बसून.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "बाहेर बसून ऐकत होतात तुम्ही."

"सांगितलं होतं मी. शिकवू नकोस म्हणाले होते."

"याला सांगणं म्हणतात? सगळी जुळली तर बाद होईल, एवढं म्हणायला काय जीभ झडली असती?"

"तेवढंच म्हणता येत होतं मला. त्याच्या पुढे शपथ होती."

"पोरगी पंधरा दिवसच राहणार होती. तिकीट काढलेलं होतं. काय खोटं होतं त्यात?"

"काही नाही," वन्सं म्हणाल्या. "ते मला माहीत होतं."

यावर मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मी त्यांच्या शपथेचा, त्यांच्या खात्याचा, यादी करणाऱ्यांचा आणि त्यांच्या त्या बाटलीचा उद्धार केला. शेजारच्या बाईंचं शिलाईचं मशीन थांबलं, म्हणजे तिथपर्यंत ऐकू गेलं. कुंपणानेच शेत खाल्लं म्हटलं. वन्सं उभ्या राहून ऐकत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, धाकट्याला कोण सांगणार.

धाकट्याला आम्ही दोघींनी मिळून सांगितलं. परवानगी मिळाली नाही, आता नाही येता येणार तिला.  ते माझ्याकडे वळून, एकेक शब्द ओढून काढल्यासारखा, म्हणाले, "मी चुकलो?"

 वन्सं पुढे झाल्या, त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "नाही रे धाकट्या. तू एक शब्दही चुकला नाहीस."

खरंच बोलल्या. त्यांना दुसरं काही येतच नाही. ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दोन घास घेतले आणि ओठ मिटले. मला वाटलं, अंगात बारीक ताप असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचं तोंड पुसत होते आणि वन्सं ऑफिसला निघायच्या म्हणून दारात आल्या होत्या, तेव्हा ते म्हणाले, "मग तिलाच यायचं नसेल."

एवढं लांब वाक्य, न शिकवता, एका दमात. दोन दिवस माणूस भिंतीकडे बघून हे जुळवत होता. मी चुकलो नाही, खातं ताईचं, ताईचं खातं अन्याय कसा करेल? मग राहिलं कोण? पोरगी.

मी ओला पंचा बादलीत टाकला. मी म्हटलं, "अहो, काहीतरी काय बोलताय? ती यायला रात्रंदिवस रडतेय. तुमचंच चुकलं. वन्संना तुम्हाला दुखवायचं नव्हतं म्हणून त्या तसं म्हणाल्या. तुम्ही एक शब्द गाळलात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. माझ्यावर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही, पण ऑफिसचं ताईलाच कळतं.

"खरं?" त्यांनी विचारलं.

मी वन्संकडे बघितलं नाही. मला त्यांची विनवणी करायची नव्हती. छत्तीस वर्षं जी बाई लोकांच्या तोंडचं खोटं वेचून काढत होती, तिने आता खरंच सांगितलं असतं, तर मी तिला त्या पावली घराबाहेर काढलं असतं, मग घर कुणाच्याही नावावर असो.

"हो," वन्सं म्हणाल्या. "एक शब्द गाळलास."

"कुठला?"

हे आम्हाला सुचलंच नव्हतं. मी घाईघाईने म्हटलं, "परतीचं." आणि त्याच क्षणाला वन्सं म्हणाल्या, "पंधरा."

आमचं जुळलं नाही.  हे एकदा माझ्याकडे, एकदा बहिणीकडे बघत राहिले, आणि मग त्यांचा चेहरा सुटला. कपाळावरच्या आठ्या गेल्या. मान हलवून म्हणाले, "दोन? दोन शब्द?" जीभ चावली त्यांनी, शाळेतल्या मुलासारखी. मग डाव्या हाताने फोनकडे खूण केली. पोरीशी बोलायचं होतं.

तिकडे दुपार होती, ती कामावर होती, तरी तिने लगेच उचलला. फोन वन्संनीच घेतला आणि भावाच्या कानाशी धरला. ऑफिसची वेळ टळून गेली होती, पिशवी खांद्यालाच होती. पोरगी बाबा, बाबा म्हणत होती.

हे म्हणाले, "माझं चुकलं गं. दोन शब्द. म्हणून तुला नाही सोडलं."

तिला काही कळेना. ती विचारत राहिली, कसले शब्द बाबा, आई, काय म्हणतायत बाबा? मी पुढे होऊन सांगणार होते, पण वन्संनी मोकळ्या हाताने मला थांबवलं, आणि पहिल्यांदाच मी त्यांचं ऐकलं.

"पुढच्या वेळी नाही चुकणार," हे म्हणाले, आणि तिला ते वाक्य म्हणून दाखवायला लागले.